दोर धरून धबधब्यात : विहीगावचा पावसाळी मुक्काम

शनिवार : कसारा ते विहीगाव

आषाढात कसारा स्टेशनाबाहेर आलं की समोर घाट असतो, पण दिसत नाही. ढग पार रुळांपर्यंत उतरलेले असतात. आमची जीप महामार्ग सोडून जव्हार-खोडाळ्याच्या रस्त्याला लागली आणि पाऊस जरा उघडला, तेव्हा कुठे दोन्ही बाजूंची खाचरं दिसायला लागली. आवणी ऐन भरात होती. पिंडऱ्यांएवढ्या चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, एका म्हातारीच्या पाठीवर मात्र अजून पानांचं इरलं. बांधावरचा मुलगा रोपांच्या जुड्या नेमक्या हव्या त्या ठिकाणी भिरकावत होता. आत्यानं जीप थांबवायला लावली आणि पाचेक मिनिटं ते नुसतं बघत राहिली. तिचं बालपण शेतातच गेलेलं.

आत्या 58 वर्षांची. बँकेतून निवृत्त झाली, गुडघे धड आहेत आणि उंचीची भीती आहे. ही भीती तिनं वॉटरफॉल रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून धबधब्यातून उतरायला, नाव नोंदवतानाच फॉर्मवर लिहून टाकली होती. बाकी गटात कॉलेजची मुलंमुली होती, एक तरुण जोडपं होतं आणि लीडरच्या मदतीला आलेले एक काका होते. काका जुने गिर्यारोहक. सह्याद्रीतल्या कित्येक सुळक्यांवर चढलेले, पण आता बहुतेक वेळ अँकरपाशी, म्हणजे दोर वर जिथे पक्का बांधतात तिथे, बसून दोर सांभाळणारे.

विहीगाव शहापूर तालुक्यात येतं. कसाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासाच्या आत पोचलो. इथला धबधबा अशोका म्हणूनही ओळखला जातो. उंची साधारण 120 फूट. मुंबई-नाशिकच्या लोकांना हाताशी असल्यानं पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे जत्रा असते, म्हणून आमच्या लीडरनं पहिला दिवस सरावाला ठेवून रविवारी उजाडताच धबधब्यावर जायचं ठरवलं होतं. तुम्ही जाणार असाल तर हे वेळापत्रक जरूर उचला. नऊनंतर कुंडात डुंबणारे इतके असतात की दोराखालची जागा मोकळी ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

राहायची सोय गावातल्याच एका घरी होती. सारवलेली ओटी, कोपऱ्यात पेटलेली चूल, तिच्यावर वाळत टाकलेले कपडे. घरच्या मावशींनी पहिलं वाक्य ऐकवलं, "पाय धुऊन या आधी, मग च्या." जेवणात नागलीची भाकरी, कुर्डूची परतलेली भाजी, करटोली आणि ठेचा. कुर्डू शहरात मिळते तेव्हा कोमेजलेली असते. इथली सकाळीच खुडलेली, तिला लसणाशिवाय काही लागलंच नव्हतं. आत्या चुलीपाशी बसून मावशींना विचारत होती, कोणती पानं खुडायची, किती मोठी झाल्यावर सोडून द्यायची. मावशींनी तिला परडीतली पानं हातात देऊन दाखवलं. फुलोरा धरला की भाजी निबर, मग ती तोडायची नाही.

दुपारी गावामागच्या पंचवीसेक फुटांच्या कातळावर सराव झाला. त्याआधी लीडरनं ताडपत्रीवर सगळं सामान मांडलं आणि प्रत्येक वस्तू आमच्या हातात दिली. मला हा भाग फार आवडतो. ज्या वस्तूवर जीव टांगायचा, ती आधी हाताळलेली असावी. स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा दोर, 11 मिलिमीटर जाडीचा. चढाईला वापरतात तो डायनॅमिक दोर पडणाऱ्याचा झटका शोषण्यासाठी ताणला जातो, आणि उतरताना नेमकं तेच नको असतं, कारण ताणला जाणारा दोर कड्याच्या धारेवर करवतीसारखा मागेपुढे घासतो. कॅराबिनरवर, म्हणजे फाटक असलेल्या धातूच्या कडीवर, 22 केएन (किलोन्यूटन) असं कोरलेलं असतं. म्हणजे सरळ उभ्या ताणात साधारण 2,200 किलोंचा भार तो झेलतो. पण त्याचं फाटक उघडं राहिलं तर हीच ताकद निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. म्हणून स्क्रू फिरवल्यावर फाटक बोटानं दाबून बघायचं. दाबून, नुसतं पाहून नाही. लीडर दर माणसामागे हे करतो, आणि त्याचं झाल्यावर काका पुन्हा करतात.

मग डिसेंडर. इंग्रजी आठच्या आकाराचं धातूचं कडं, त्यातून दोर ओवला की घर्षण तयार होतं आणि माणसाचं वजन एका हातानं पेलता येतं. डावा हात वर दोराला नुसता लागलेला, उजवा कमरेमागे. हा उजवा हात म्हणजे ब्रेक. तो काही झालं तरी सोडायचा नाही. पाय खांद्यांएवढे फाकवून, गुडघे जवळजवळ सरळ ठेवून, पाठीमागे रेलायचं. नवख्या माणसाचं शरीर नेमकं उलटं करतं, भिंतीला चिकटू पाहतं. चिकटलं की पायांवरचा दाब जातो आणि पाय घसरतात. मागे रेललं की वजन पायांतून कातळात जातं आणि बूट धरतात. डोक्याला हे पटायला वेळ लागत नाही, पोटाला लागतो.

आत्या काठावर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. लीडर तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "काकू, खाली बघू नका असं मी सांगणार नाही. बघा. आणि आता हा दुसरा दोर बघा. हा माझ्या हातात आहे. तुम्ही दोन्ही हात सोडलेत तरी मी तुम्हाला इथेच धरून ठेवणार." मग त्यानं तिला काठाच्या दोन पावलं खाली नेऊन खरोखर दोन्ही हात सोडायला लावले. ती तिथेच लटकली. हाललीसुद्धा नाही. त्यानंतरचे वीस फूट ती एकेक पाऊल टाकत, कुणाशी न बोलता उतरली आणि रांगेत पुन्हा मागे जाऊन उभी राहिली.

हा दुसरा दोर, म्हणजे बिले, कोणत्याही गटाबरोबर जाताना आधी विचारून घ्या. मुख्य दोर वेगळा, बिलेचा दोर वेगळा आणि दोघांचे अँकरही वेगवेगळे. "आम्ही खालून दोर ओढून धरतो, तेवढं पुरतं" असं उत्तर मिळालं तर नवख्यानं तिथे उतरू नये. खालून दोर ताणला की उतरणारा थांबतो हे खरं, पण दोरच तुटला किंवा अँकर निघाला तर खालचा माणूस काहीही करू शकत नाही.

संध्याकाळी पाऊस कोसळायला लागला. कौलांवरच्या आवाजात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. चुलीवर चिंबोऱ्यांचं कालवण रटरटत होतं. "श्रावण लागायच्या आत खाऊन घ्या," मावशी म्हणाल्या. जेवणं झाल्यावर काका खुलले. त्यांनी सांगितलं की उतरायची ही विद्या खेळ म्हणून जन्मलीच नव्हती. चढून गेलेल्याला सुखरूप खाली यायचं असतं म्हणून ती आली. आल्प्समध्ये शामोनीच्या ज्यां शार्ले-स्त्रातों या वाटाड्यानं 1876 साली पेती द्र्यु या सुळक्यावर एकट्यानं प्रयत्न केला, तो फसला आणि परतताना त्यानं दोरावरून उतरायची पद्धत शोधली असं मानतात. 1879 मध्ये त्यानं तोच सुळका सर केला. त्या काळी कमरेला-मांड्यांना बांधायचा हार्नेस नव्हता, डिसेंडर नव्हता. पुढे जर्मन गिर्यारोहक हान्स ड्युल्फर याच्या नावानं ओळखली गेलेली पद्धत आली. दोर मांडीखालून घ्यायचा, छातीवरून आडवा नेऊन खांद्यावर टाकायचा आणि पाठीमागून हातात धरायचा. काकांनी खुंटीवरचा दोर काढून मुलांना ते करून दाखवलं. "आम्ही सुरुवातीला असेच उतरलो. खांद्याची सालं निघायची."

एका मुलानं विचारलं, "पण काका, खरे क्लाइंबर वॉटरफॉल रॅपलिंगला खेळ मानत नाहीत ना?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीही मानत नव्हतो. चढाई नाही, नेव्हिगेशन नाही, दुसऱ्यानं लावलेल्या दोरावर खाली यायचं. पण आमच्या क्लबात आज जी पोरं लीड करतात, त्यातली निम्मी अशाच एका पावसाळी रविवारी आली होती."

मला त्यांचं हे म्हणणं मनापासून पटतं. सुळके चढायचे ते कोरड्या ऋतूत. पावसाळ्यात कातळ निसरडा, म्हणून दोर गुंडाळून ठेवलेले असायचे. त्याच महिन्यांत ओढ्यांना पाणी असतं, आणि चढाई येत नसलेला माणूस एका दिवसाच्या सरावावर कड्यावरून उतरू शकतो. ट्रेकला सराव लागतो, चढाईला वर्षं लागतात, पॅराग्लायडिंगच्या टँडममध्ये आपण नुसते बसलेले असतो. इथे मात्र पहिल्याच दिवशी स्वतःचं वजन स्वतःच्या हातात असतं. पुढे वाटलं तर रस्ता कॅनियनिंगकडे जातो. पोहत, उड्या मारत, दोरावरून उतरत आख्खी घळ खालपर्यंत पार करायची. फ्रान्समध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा गुहासंशोधक 1905 मध्ये व्हर्दोंच्या घळीतून पार झाला होता. आपल्याकडे साम्रदची सांदण दरी त्याच कुळातली, पण ती पाऊस सरल्यावरच. पावसाळ्यात तिथे पाऊल टाकायचं नाही.

रविवार : धबधबा

पहाटे निघालो तेव्हा झिमझिम होती. मावशींनी निघताना पोहे दिले, पण लीडरनं सगळ्यांना अर्धी बशीच खायला सांगितलं. हार्नेसचा पट्टा पोटाखाली आवळला की भरलेलं पोट त्रास देतं.

कपड्यांबद्दल आताच सांगते. जीन्स आणि सुती टी-शर्ट घरी ठेवा. भिजलेलं सूत अंगाला थंडगार चिकटून राहतं, आणि रांगेत भिजत उभं राहताना हुडहुडी भरते ती त्यामुळेच. अंगाबरोबरचे, लवकर सुकणारे कपडे घाला, पँट पूर्ण लांबीची. अंगठ्या, कडी, गळ्यातलं काढून ठेवा. लांब केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत. चष्मा असेल तर मागून दोरी. कॉन्टॅक्ट लेन्स काढा, पाण्याच्या माऱ्यात त्या टिकत नाहीत. आणि झिजलेल्या तळाचे जुने बूट इथे मुळीच चालणार नाहीत.

धबधब्याच्या माथ्यावर पोचलो. वरून पाहिलं तर ओढा अगदी साधा वाटतो. काळ्या सपाट कातळावरून घोट्याएवढं पाणी वाहत येतं आणि एका रेषेपाशी नाहीसं होतं. आवाज मात्र त्या रेषेपलीकडून येत राहतो. सह्याद्रीचा हा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर आडवा पसरलेला. म्हणून इथले धबधबे घसरगुंडीसारखे येत नाहीत, पायऱ्यांनी कोसळतात. उतरणाऱ्याला त्याचा फायदा असा की मध्येमध्ये पाय टेकायला कंगोरे मिळतात. तोटा असा की त्याच कंगोऱ्यांच्या धारेवर दोर घासतो. काका आल्याआल्या गोणपाटाच्या घड्या काढून प्रत्येक धारेवर दोराखाली सरकवत होते.

लीडरचं पहिलं काम दोर लावणं नव्हतं. त्यानं गावातल्या एका मुलाला शिट्टी देऊन ओढ्याच्या वरच्या वळणावर बसवलं. काठाजवळचा एक अर्धवट बुडालेला दगड सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं, "हा दगड माझा आहे. पाणी त्याच्या डोक्यावर आलं की आपण बंद करतो, मग कुणी अर्ध्या रांगेत असो." पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज बदलणं, यातलं काहीही दिसलं तर वरचा मुलगा शिट्टी मारणार होता. इथे ऊन असलं तरी वरच्या पठारावर ढग फुटलेला असू शकतो, आणि ते पाणी मिनिटांत खाली येतं. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती काही साहसी खेळ करत नव्हती, प्रवाहात उभी होती. त्यानंतर पावसाळी ठिकाणांवरची बंधनं कडक झाली. जिल्हाधिकारी वेळोवेळी धबधब्यांवर मनाई आदेश काढतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जिल्ह्याचा चालू आदेश बघाच, गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. आयोजकाची नोंदणीही विचारा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे व्हायला हवी.

अँकर बांधताना काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. मुख्य दोर त्यांनी गाठ मारून पक्का केला नाही. तो एका डिसेंडरमधून घेऊन अडकवला, वर कुलूपगाठ घातली आणि दोराची बरीच लांबी मागे शिल्लक ठेवली. "कोरड्या कड्यावर अडकलेला माणूस तासभर लटकू शकतो," ते म्हणाले. "पाण्याखाली अडकलेला नाही. म्हणून इथे भार असतानाही दोर वरून सोडता आला पाहिजे." याच कारणासाठी, कोरड्या रॅपलिंगमध्ये ब्रेक म्हणून दोराला वेढतात ती प्रुसिकची गाठ इथे कुणाला दिली नव्हती. ती आवळून बसली तर धारेखाली सोडवणं मुश्किल. आणि दोराचं खालचं टोक नेमकं कुंडाच्या पाण्यापर्यंत, टोकाला गाठ न मारता. म्हणजे उतरलेला माणूस डिसेंडरमधून दोर सुटून तसाच पोहत बाहेर येतो, त्याला पाण्यात गाठीशी झगडावं लागत नाही. कोरड्या कड्यावर शेवटची गाठ जीव वाचवते. तोच नियम पाण्यात उलटा होतो.

माझी पाळी आली. पहिले पंधरा फूट धारेच्या कडेनं, अंगावर नुसते तुषार. शेवाळावर बूट पूर्ण तळव्यानं टेकवत गेले. नाकासमोर कातळाच्या भेगेत गजकर्णिकेची गुलाबी फुलं होती, आणि त्यांच्या शेजारी, वरून पाण्याचा पडदा पडत असताना, अंगठ्याच्या नखाएवढा खेकडा भेगेच्या तोंडाशी निवांत बसलेला. मी थांबले तसा तो एक पाऊल आत सरकला. मी पुढे निघाले तसा परत बाहेर.

मग मुख्य धार. पाणी हेल्मेटवर आदळलं आणि जग संपलं. लीडर ओरडतोय की नाही, खाली कोण आहे, काही कळत नाही. मान वर करायची नाही एवढं पक्कं लक्षात होतं. हनुवटी छातीला टेकवली की हेल्मेटच्या पुढच्या कडेखाली एक कोरडी पोकळी तयार होते, तिथे श्वास घेता येतो. तोंडानं, छोटा छोटा. उजव्या हातातला दोर पाण्यानं गुळगुळीत झाला होता. तो शनिवारच्या कोरड्या दोरापेक्षा लवकर सरकत होता, म्हणून पकड घट्ट आणि पावलं आखूड. उड्या मारत उतरणारे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. प्रत्यक्षात प्रत्येक उडी अँकरला झटका देते आणि परत टेकताना बूट शेवाळावर कुठे पडतील ते आपल्या हातात नसतं. इथे चालतच उतरायचं. धारेतून बाहेर आले तेव्हा कुंड वीस फुटांवर होतं, आणि बाजूला लाइफ जॅकेट घातलेला आमचा सहकारी हात हलवत होता.

माझ्यानंतर कॉलेजची एक मुलगी उतरायला लागली. धारेच्या मध्यावर ती एका कंगोऱ्यावर पोटानं टेकली आणि तिथेच थांबली. खालून आम्हाला तिचे फक्त बूट दिसत होते. काय झालं ते नंतर कळलं. डिसेंडरच्या मानेवरचा दोराचा वेढा कातळाला घासून वर सरकला होता आणि वरच्या कड्यात आवळून बसला होता. आठ आकाराच्या डिसेंडरचा हा ओळखीचा दोष. असं झालं की माणूस ना वर जाऊ शकतो, ना खाली. सुटण्यासाठी वजन दोरावरून काढावं लागतं, आणि डोक्यावर ते पाणी असताना नवखा माणूस हे करू शकत नाही.

खालच्या सहकाऱ्यानं शिट्टी वाजवली. वरून शिट्टीनंच उत्तर आलं. काकांनी मुख्य दोराची कुलूपगाठ सोडली, लीडरनं बिलेचा दोर त्याच वेगानं द्यायला सुरुवात केली, आणि ती मुलगी, डिसेंडर तसाच जाम असताना, दोन्ही दोरांवर सावकाश खाली येऊ लागली. धारेतून बाहेर, कंगोऱ्याखाली, कुंडात. मिनिटभरही लागला नसेल. बाहेर काढल्यावर ती खोकली, थोडी रडली, आणि मग विचारलं, "मी काही चुकीचं केलं का?" नव्हतं केलं. शनिवारी शिकवल्याप्रमाणे तिनं ब्रेकचा हात कमरेमागे धरून ठेवला होता, बस. बाकी काम तासाभरापूर्वी, ती रांगेत उभी असताना, काकांनी बांधून ठेवलेल्या दोरानं केलं.

या खेळात उतरणाऱ्याच्या धैर्याचं फार कौतुक होतं, आणि ते करावंही. पण धारेच्या आत गेल्यावर तुमच्या धैर्याला करण्यासारखं फारसं उरत नाही. तिथे तुम्हाला सांभाळतं ते वर बसलेल्या माणसानं आधी केलेलं काम. म्हणून गट निवडताना फोटो बघू नका. अडकलेल्या माणसाला धारेतून कसं काढता, एवढं विचारा. ज्याला येतं तो उत्साहानं दहा मिनिटं सांगतो.

आत्या सगळ्यात शेवटी उतरली. मी खाली होते, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही, फक्त निळं हेल्मेट धारेत शिरलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आलं. कुंडातून वर काढल्यावर तिनं आधी चष्मा आहे का ते चाचपलं. मग म्हणाली, "अगं, आत गेल्यावर उंची कळतच नाही. पाणीच एवढं आहे की घाबरायला जागा नाही."

अकराच्या सुमारास पर्यटकांची गर्दी फारच वाढली आणि आम्ही दोर गुंडाळले. शेजारच्या कड्यावर एक दुसरा गट एकाच झाडाला एकच दोर बांधून मुलं उतरवत होता, हेल्मेटं निम्म्याच डोक्यांवर. आमचा लीडर तिथे गेला, त्यांच्याशी शांतपणे बोलला आणि आपला जास्तीचा दोर बिलेसाठी देऊ केला. त्यांनी घेतला. मला दिवसभरातला तो प्रसंगही तितकाच मोठा वाटला.

सोमवार : पाणी वाढलं

सोमवारी ज्यांना रजा होती त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूनं, जरा अवघड रेषेवर उतरायचं ठरलं होतं. रात्रभर पाऊस थांबला नाही. सकाळी माथ्यावर गेलो तर लीडरचा दगड शोधूनही सापडेना. आदल्या दिवशीचं घोट्याएवढं पाणी मांडीपर्यंत आलं होतं, चहाच्या रंगाचं. लीडरनं पाठीवरची सॅकसुद्धा उतरवली नाही. "आज नाही," म्हणाला. कुणी हट्ट केला नाही. उरलेले पैसे त्यानं तिथेच परत करतो म्हणून सांगितलं. पाण्यामुळे रद्द झाल्यास पैशांचं काय, हे आधीच ठरवून घेतलेलं बरं. पैसे बुडणार असतील तर गटातली माणसंच लीडरवर उतरवण्यासाठी दबाव आणतात.

मोकळा दिवस मिळाला तो आम्ही ओढ्याच्या उगमाकडे चालण्यात घालवला. शिट्टीवाला मुलगा वाट दाखवायला आला. बांधाबांधानं, मग उघड्या पठारावर. तिथे उभं राहिल्यावर एकेका खाचरातून, एकेका पायवाटेवरून पाणी येऊन मिळताना दिसतं. धबधब्याची ताकद इथून जमा होत जाते. तो मुलगा म्हणाला, "इथं पाऊस पडला का खाली पोचायला बीडी ओढायचा वेळ लागतो." लीडरनं हे वहीत टिपून घेतलं. गावातल्या माणसाला बरोबर घेण्याचं कारण हेच. या ओढ्याचं असं वेळापत्रक दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. त्या मुलाला कामाचे पैसे मिळतात का हेही तुमच्या आयोजकाला विचारा.

दुपारी मावशींकडे शेवटचं जेवण झालं. टाकळ्याची भाजी, भात आणि वर उकड्या कैरीचं जुनं लोणचं. निघताना आत्यानं कुर्डूचं बी मागितलं, मावशींनी ते दिवाळीनंतर धरेल म्हणून सांगितलं.

जीपमध्ये आत्या काकांशेजारी बसली आणि कसारा येईपर्यंत तिचं त्यांच्याशी बोलणं चाललं होतं. कातळधारचं नाव मी दोनदा ऐकलं. लोणावळ्याजवळच्या उल्हासच्या खोऱ्यातला हा धबधबा विहीगावच्या दुपटीहून जास्त उंच आहे आणि अनुभवी गट तिथे पाऊस ओसरल्यावर दोर लावतात. काका तिला म्हणाले, "आधी हिवाळ्यात कोरड्या कड्यावर चार-सहा वेळा उतरा, गाठी शिका, मग बघू." आत्यानं गाठी शिकायचा वर्ग कधी असतो ते विचारलं.

परतीसाठी एकच सूचना. कसाऱ्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बरंच अंतर असतं, आणि पावसाळी रविवारी संध्याकाळी फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. शक्य असेल तर सोमवारी परता, किंवा रविवारी चारच्या आत स्टेशन गाठा. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवा, वर नाही. आमच्यातल्या ज्यांनी वर ठेवले होते, ते कल्याणपर्यंत कुडकुडत आले.